आरशाखालचे बूट

वाल्पराइसोतल्या पेद्रो मोन्त रस्त्यावरचा सिग्नल सुटला, माणसं पलीकडे जायला लागली, आणि एलियानाला तिचे वडील पुढे चाललेले दिसले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. शिवाय पुढचा माणूस बुटका होता, त्याच्या मानेला वळ्या होत्या आणि डोक्यावर पिस्ता रंगाची टोपी होती. वडिलांनी असली टोपी कधीच घातली नसती. म्हणजे माणूस ते नव्हते. चाल मात्र त्यांची होती. कमरेतून किंचित पुढे झुकलेलं अंग, दोन्ही कोपरं बरगड्यांपासून बोटभर लांब, आणि टाच अशी टेकायची की जणू आधी जमिनीला विचारून घेते आहे. पलीकडच्या फुटपाथवर दिव्याचा खांब होता. त्या माणसानं खांबाला एवढा मोठा वळसा घातला, की वाटावं पाठीवर कपाट बांधलंय. पाठ मोकळी होती. ती ज्या औषधांच्या दुकानात काम करायची ते उजवीकडे होतं, जेवणाची सुट्टी संपत आली होती, आणि तिचे पाय डावीकडे वळून त्या टोपीच्या मागे निघाले होते.

हे असं होणारच होतं, असं तिला चालता चालता वाटलं. गेले काही आठवडे ती दुसरं काही बघतच नव्हती. सकाळी दुकानात गिऱ्हाईक औषधाची चिठ्ठी पुढे करायचं, तर हिचं लक्ष चिठ्ठीकडे नसायचं. मनगट आधी पुढे आलं की खांदा, हे ती बघायची. खोकल्याचं औषध मागणारी बाई बोलण्याआधी पापणी मिटते, लाजिरवाणं औषध मागणारा माणूस आधी टूथब्रश उचलून बघतो. दुपारी चारनंतर ती जुन्या बँकेच्या इमारतीतल्या अ‍ॅनिमेशनच्या वर्गात जाऊन बसायची आणि संगणकातल्या बाहुलीला हेच करायला लावायची. बाहुली सगळ्यांना सारखीच मिळालेली होती, करड्या रंगाची, टक्कल असलेली, बाई ना पुरुष. तिच्या अंगावर जागोजाग कड्या होत्या. कडी ओढली की कोपर वाकायचं, भुवई वर जायची. शाळेपासून एलियाना चित्रं काढत आली होती, आणि हात बरा आहे असं सगळे म्हणायचे. पण इथं चित्र काढायचं नव्हतं. इथं दुसऱ्याच्या अंगात शिरून नाटक करायचं होतं, आणि तेही एकेक पापणी मोजून, सेकंदाचे तुकडे करून. पहिल्या दिवशी तिची बाहुली खुर्चीवरून उठली आणि दोन पावलं चालली, तेव्हा एलियानाच्या हातांवर काटा आला होता. तिशी ओलांडलेल्या बाईला असा आनंद व्हावा याची तिला थोडी लाजच वाटली होती.

आणि तरीही जमत नव्हतं. शिकवणारी तमारा तिच्याहून वयानं फार मोठी नव्हती. सान्तियागोत काही वर्षं काम करून वाल्पराइसोला परत आली होती आणि बोलताना कुणाची भीड ठेवत नसे. आदल्याच दिवशी तिनं एलियानाचा तुकडा सगळ्यांसमोर लावला. माणूस पेटी घेऊन येतो, ठेवतो, घाम पुसतो. तमारानं तो तीनदा पाहिला आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे गं. वजन बरोबर, गुडघे बरोबर. पण आत कुणी नाही. हा कुठून आला, कुठे चाललाय, त्याला स्वतःलाच माहीत नाही. तू चालणं करतेयस, माणूस करत नाहीयेस."

मागच्या बाकावरून इसमाएल तमाराला म्हणाला, "प्रोफे, भाड्याचं घर आहे ते. भाडेकरू अजून आला नाही."

सगळे हसले. एलियानाही हसली, आणि घरी जाताना टेकडी चढणाऱ्या उद्वाहकात उभी राहून ते वाक्य चघळत राहिली. कारण पुढच्या आठवड्यात शेवटचं काम दाखवायचं होतं. सान्तियागोतला एक स्टुडिओ मुलांच्या चित्रपटासाठी माणसं शोधत होता, आणि तमारा वर्गातले दोनच तुकडे तिकडे पाठवणार होती. त्या दोनांत आपण असावं, असं एलियानाला इतकं वाटत होतं की ती ते कुणाशी बोलतही नव्हती. औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून म्हातारं होणं तिला स्पष्ट दिसत होतं. त्या चित्रात सगळं बरोबर होतं आणि आत कुणी नव्हतं.

टोपीवाला आता बाजाराच्या बाजूला वळला. वळताना तो नुसता वळला नाही. आधी थांबला, मग सगळं अंग एकदम फिरवलं, दार फिरावं तसं. एलियानानं फोन काढला आणि चालता चालता त्याची पाठ टिपायला सुरुवात केली. आपण चोरी करतोय हे तिला कळत होतं, तरी तिनं फोन खाली घेतला नाही. वडील घरात शिरताना आडवे होऊन शिरायचे, ते तिला आठवलं. स्वयंपाकघराचं दार चांगलं रुंद होतं, तरी ते तिरके व्हायचे, आणि आई म्हणायची, "नोल्बेर्तो, आरसा दुकानात ठेवून आलायस, सरळ ये." ते काचेच्या कारखान्यातून काचा आणि आरसे पोचवायचे. गाडी जिथं चढू शकत नाही तिथं, म्हणजे या गावात जवळजवळ सगळीकडे. पाठीवर लाकडी चौकट, खांद्यांवर चामड्याचे पट्टे, आणि हात मागे नेऊन खालची कड धरलेली. तिची शाळा वरच्या टेकडीवर होती. सकाळी त्यांना वर कुठं आरसा द्यायचा असला की ती त्यांच्यामागून निघायची. पुढे एक मोठा आरसा आणि त्याच्याखाली दोन तपकिरी बूट. बाकी वडील दिसायचेच नाहीत. चढताना ते वाकलेले असायचे, त्यामुळे आरशात आभाळ दिसायचं, विजेच्या तारा, एखादा समुद्रपक्षी, पत्र्याच्या घरांची वरची टोकं. आभाळ पायऱ्या चढतंय आणि त्याला बूट आहेत, असं ते दृश्य.

"माझ्या पाठीवर काही लिहिलंय का?"

टोपीवाला फळांच्या गाडीपाशी उभा होता आणि तिच्याकडेच बघत होता. एलियानाचा फोन अजून वरच होता. तिनं तो खाली घेतला.

"नाही, काका."

"मग चौकापासून मागे का येतेयस? काचेच्या खिडक्या आहेत इथं दुकानांना, पोरी, मला दिसतं. पाकीट मारायचं असेल तर आधीच सांगतो, त्यात दाढेच्या डॉक्टरचं कार्ड आहे फक्त."

"मी तुमची चाल बघत होते."

फळवाली हसली. "ऐकलं का, दॉन आर्सेनियो. या वयात चाल बघायला लागल्या बायका."

"गप बस तू, संत्री वीक," तो म्हणाला, पण टोपी त्यानं जरा सारखी केली. "कसली चाल?"

"तुम्ही काच वाहायचात का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या कोपरांनी."

त्यानं स्वतःच्या कोपरांकडे खाली बघितलं, दुसऱ्या कुणाची आहेत की काय अशा नजरेनं, आणि ती बरगड्यांना चिकटवली. मग क्षणभरात ती आपोआप पुन्हा बाहेर आली. ते पाहून एलियानाला खदखदून हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. तिनं सांगितलं, माझे वडीलही काचवाले होते, नोल्बेर्तो ओयार्सून, तुम्ही ओळखत असाल.

"ओयार्सून?" त्यानं ओठ पुढे काढले. "नाही गं. कुठल्या कारखान्याचा?"

तिनं सांगितलं.

"आम्ही दुसऱ्या. तेव्हा काचवाले पुष्कळ होते इथं. भूकंपात काचा फुटल्या की आमची चंगळ असायची." एवढं बोलून तो ओशाळला. "वाईट आहे म्हणायला, पण खरं आहे."

ती त्याला चौकातल्या बाकावर घेऊन गेली. मटण भरलेली एम्पानादा आणि कॉफी आणली, आणि आपण काय शिकतो ते सांगायला लागली. त्याला त्यातलं फारसं कळलं नाही. पण आपल्यावरून कुणी चित्र हलवणार आहे, एवढं कळल्यावर त्यानं एकच अट घातली. "केस दे मला. माझे केस चांगले होते. ही टोपी उगाच नाही घातलेली." बाहुलीला मुळातच केस नसतात, असं ती म्हणाली, तर तो म्हणाला, मग ती बाहुली बदल. खाऊन झाल्यावर तो उठला, हात झटकले आणि दोन पामच्या झाडांमधून चालून दाखवू लागला. आता मात्र ती चाल साफ बिघडली. कुणीतरी बघतंय हे माहीत असल्यावर तो छाती काढून, सैनिकासारखा चालत होता. एलियानानं तोंडावर हात ठेवला. "नुसते चालू नका," ती म्हणाली. "आरसा आहे पाठीवर. मोठा. तुम्ही पायऱ्या चढताय."

तो थांबला. त्यानं खांदे एकदा मागे नेले, अदृश्य पट्टे ओढून घेतले, आणि त्याच्या पाठीवर आरसा आला. एलियानाला तो दिसला. चौकातल्या कबुतरांच्या मधून तो वाकून, संथ, एकेक पाऊल विचारत निघाला.

"वारा सुटलाय," ती मागून म्हणाली.

"मग आणखी वाकायचं." तो वाकला. "पाठ आडवी ठेवली की वारा वरून निघून जातो. दुपारी दक्षिणेचा वारा काय चीज आहे तुला माहीत आहे."

"दमलात. थांबा जरा."

"थांबायचं नाही." तो चालतच होता.

"का?"

"पायऱ्यांच्या मध्ये काचवाला थांबत नाही, पोरी. थांबलं की पाठ सरळ होते. पाठ सरळ झाली की काच उभी, आणि काच उभी म्हणजे शीड. वारा असा धरतो की माणूस काचेसकट खाली. आमच्यातला एक तसाच गेला. दम लागला तरी भिंत येईपर्यंत चालायचं. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"माझे वडील थांबायचे," एलियाना म्हणाली.

"मध्येच? आरसा घेऊन?" त्यानं वळून पाहिलं, सगळं अंग फिरवून. "मग वेडा असेल."

ती दुकानात उशिरा पोचली, मालकीणबाईंची बोलणी खाल्ली, आणि दुपारभर गोळ्यांच्या डब्या काढून देताना तिच्या डोक्यात दोन गोष्टी एकमेकींना ढकलत राहिल्या. पहिली नुसती बोचणारी होती. ज्या चालीला ती इतकी वर्षं आपले वडील समजत आली, ती चाल त्यांची नव्हतीच. ती काचेची होती. जो कुणी काच वाहील त्याला ती चाल मिळत होती, कामावर कोट मिळावा तशी. टोप्या घालणाऱ्या अनोळखी म्हाताऱ्यांकडे ती होती. मग त्या कोटाच्या आतला माणूस कुठं गेला? आपल्याकडे त्यांचं काय उरलं? तिला त्यांचा चेहरा आठवायचा तो फोटोतला. आवाज पुसट झाला होता. आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट पहिलीला बाजूला सारून पुढे येत होती. ते थांबायचे. चढाच्या मधोमध, जिथं भिंत नाही, कठडा नाही, तिथं ते तपकिरी बूट थांबायचे, आणि आरशामागून आवाज यायचा, "थांब गं जरा. दम लागला मला." मग आरसा हळूहळू उभा व्हायचा. आभाळ वर सरकायचं, घरं यायची, पायऱ्या यायच्या, आणि शेवटी पायऱ्यांवर उभी असलेली दप्तरवाली ती स्वतः. घरात सगळे त्यांना दमेकरी म्हणायचे. मामा तर त्यांची नक्कल करायचा, दोन पायऱ्या चढून जीभ बाहेर काढायची. ते हसून सोडून द्यायचे. काचवाल्यांना पहिल्या दिवशी जे शिकवतात, ते त्यांनाही शिकवलेलं असणार. सकाळी वारा कमी असतो हे खरं, पण नसतो असं नाही. एलियानाच्या हातातली डबी काउंटरवर पडली. गिऱ्हाईकानं विचारलं, बरं वाटत नाही का? तिला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. चाल त्यांची नव्हती. थांबणं त्यांचं होतं.

त्या संध्याकाळपासून ती कामाला लागली. पेटीवाला माणूस पुसून टाकला. तिनं पायऱ्या बांधल्या, बाहुलीच्या पाठीवर मोठा आरसा लावला, आणि बघणाऱ्याची नजर मागे, खाली, मुलीच्या उंचीवर ठेवली. आता बाहुली दिसत नव्हती. फक्त बूट दिसत होते. तमारा खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "अभिनय शिकायला आलीस आणि चेहराच झाकलास? हातही झाकलेस?"

"बुटांनी होतंय का बघते."

"तुला सोपं नको असतं कधीच," तमारा म्हणाली. पण ती गेली नाही. बराच वेळ उभी राहून बघत राहिली.

बुटांना काय येतं? पहिले दोन दिवस काहीच येत नव्हतं. बूट चढत होते, थांबत होते, आणि त्या थांबण्यात पुन्हा तेच, आत कुणी नाही. दमलेला माणूस थांबला एवढंच दिसायचं. एलियाना वर्गाबाहेरच्या जिन्यावर जाऊन पाठीला चित्रफलक बांधून चढायची, थांबायची, परत यायची. इसमाएल तिला खालून फोननं टिपायचा आणि म्हणायचा, "बाई, कासवाचा पार्ट मिळालाय का तुला?" तरी प्रत्येक वेळी न कंटाळता पुन्हा टिपायचा. एकदा चढताना मागून कुणीतरी जिन्यावर आलं, आणि एलियानाचा पाय पुढची पायरी घेण्याआधी जरासा अडला. वळून बघता येत नव्हतं. पाठ भरलेली होती. तिनं कानांनी बघितलं. मागचं पाऊल जवळ येतंय की मागेच राहिलंय, हे बघायला तिचा अख्खा देह एका टाचेवर थांबला होता. ती तशीच उभी राहिली. खालून इसमाएल ओरडला, "चढा आता, लोकांना वर जायचंय." तिनं त्याला हातानं गप्प केलं.

ती पळतच संगणकाकडे गेली. दमलेला माणूस थांबला की आधी टाच टेकतो, सगळं वजन सोडून देतो. हा माणूस तसं करणार नाही. हा आधी ऐकेल. मागची पावलं मंद होतील, तेव्हा उजवा बूट हवेतच अर्धा क्षण राहील. मग पायरीवर येईल, पण टाच उचललेलीच. मग डावा त्याच्याशेजारी. मग टाचा खाली, आणि तरी वजन पुढच्या बोटांवर, कारण मागून वारा आहे आणि आरसा उभा होतोय. बुटांची टोकं पायरीला घट्ट धरून राहतील, आणि वरून मात्र निवांत आवाज येईल, दम लागला मला. तिनं एकेक कडी ओढून हे केलं. कानशिलं तापली होती, भूक लागली होती, आणि उठून खायला जावं असं वाटत नव्हतं. जेव्हा तिनं सगळा तुकडा पहिल्यांदा सलग लावला, तेव्हा आरशाखालचे ते दोन बूट थांबले, आणि एलियाना खुर्चीत मागे सरकली. आत कुणीतरी होतं. तिनं हात मांड्यांखाली दाबून धरले, नाहीतर ती टाळ्या वाजवत सुटली असती.

आरशातली मुलगी तिनं शेवटी केली. आरसा उभा होतो, आभाळ सरकतं, मुलगी दिसते, एवढंच तिचं काम. दमलेली मुलगी, दप्तर एका खांद्यावर, तोंड वर केलेलं. तिच्यावर फार वेळ घालवला नाही. हात आपोआप चालले.

दाखवायच्या दिवशी तमारानं पडदे ओढले आणि एकामागून एक तुकडे लावले. एलियानाचा लागला तेव्हा तिनं पडद्याकडे न बघता लोकांकडे बघितलं. इसमाएल नख खात होता. बूट थांबले तेव्हा त्याचं नख तोंडातच राहिलं. तुकडा संपला.

"तो दमलेला नाहीये," इसमाएल म्हणाला. यात चेष्टा नव्हती. "तो त्या पोरीसाठी थांबलाय. आणि त्याला भीती वाटतेय."

"कुणी सांगितलं तुला?" तमारानं विचारलं.

"दिसतंय की."

तमारानं तुकडा पुन्हा लावला, मग पुन्हा. शेवटी ती म्हणाली, "हा मी पाठवणार आहे. पण असा नाही. माणूस उत्तम झालाय, एलियाना. पोरगी चुकलीय. ती दमलेली असायला हवी ना? ती मला दमलेली वाटत नाही. तिच्या अंगात फार जोर आहे. खांदे पाड, श्वास घाल. मंगळवारी आण, मी त्याच दिवशी पाठवते."

म्हणजे एवढंसंच काम राहिलं होतं. एलियाना उद्वाहकातून वर जाताना खिडकीला कपाळ टेकून हसत होती. घरी आई खिडकीपाशी शाळेच्या गणवेशांच्या पँटींना दुमड घालत बसली होती. तोंडात टाचण्या होत्या. चहाची वेळ झाली होती. एलियानानं पाव कापला, आवोकादो कुस्करला आणि संगणक टेबलावर उघडला. आईला तिनं अजून काहीच दाखवलं नव्हतं. दाखवावं की नाही, हेही तिचं ठरलं नव्हतं. पण आता हातून होऊन गेलं होतं. आईनं टाचण्या काढल्या, चष्मा लावला. पायऱ्या आल्या, आभाळ आलं, बूट आले. आई मांडीवरची पँट हलकेच सपाट करत राहिली. बूट थांबले. आरसा उभा झाला.

"परत लाव," आई म्हणाली.

दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर ती म्हणाली, "बूट तसे नव्हते. त्याच्या डाव्या बुटाची नाडी कायम सुटलेली असायची."

"आई, ते जाऊ दे. या मुलीकडे बघ. तिला अजून दमलेली करायचीय मला. खांदे पाडायचेत. कशी उभी राहायचे गं मी, दमले की?"

आईनं तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तू? तू कुठं दमायचीस? शाळेतून आल्यावर पुन्हा खाली समुद्रापर्यंत पळत जायचीस." तिनं पडद्यावर बोट ठेवलं, मुलीच्या तोंडाजवळ. "ही पण दमलेली नाहीये. ही मुद्दाम मागे राहिलीय."

"का म्हणून?"

"ते मला काय विचारतेस? हिला विचार. आरशात दिसते त्या क्षणापासूनच ही वर बघून तयार उभी आहे. माझी दिसण्याची वेळ आली, असं तोंड आहे तिचं."

एलियानानं तुकडा मागे घेतला. आरशात पहिल्यांदा दिसली तेव्हाच मुलीची हनुवटी वर आलेली होती. केस कानामागे गेलेले होते. तिनं हे केव्हा केलं? तिच्याच हातांनी कड्या ओढल्या होत्या, पण हे करावं असं तिनं ठरवलं नव्हतं. आणि मग, पाव हातात असतानाच, तिला ते सगळंच्या सगळं आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा ते पायांत आलं. पावलं मंद करणं. आधी एक, मग दुसरं, दप्तराचा पट्टा ओढत उगाच घसटत चालणं. कारण पावलं मंद केली की बूट थांबतात, बूट थांबले की आभाळ सरकतं, आणि आभाळाच्या शेवटी आपण असतो. बाबांच्या पाठीवर, सगळ्या गावाच्या मधोमध, आपण. ती ते रोज करायची. त्यांना दम लागला नव्हता आणि तिलाही नव्हता. दोघंही लटकं दमत होते, चढाच्या मध्यावर, वाऱ्यात.

"काय झालं?" आई म्हणाली. "हसतेस काय?"

"काही नाही. मी लबाड होते."

"ते मला ठाऊक होतं," आई म्हणाली आणि टाचण्या परत तोंडात घेतल्या.

रविवारी दिवसभर तिनं मुलीवर काम केलं. खांदे पाडले नाहीत. तमारा चिडेल हे तिला माहीत होतं. एखादे वेळी सान्तियागोही हातचं जाईल, हेही. पण आता ती मुलगी दमवणं म्हणजे खोटं सांगणं होतं. तिनं उलट केलं. बघणाऱ्याची नजर थोडी मागे घेतली, म्हणजे आरशाआधीच मुलगी कडेला दिसेल. पावलं मंद होण्याआधी मुलीची नजर एकदा बुटांकडे जाते, जाळं टाकल्यासारखी. मग पाय घसटतात. आरसा येईपर्यंत ओठ घट्ट मिटलेले. आणि आरसा आला की एक हसू, जे तिनं पूर्ण होऊच दिलं नाही, अर्ध्यावर कापलं. डाव्या बुटाची नाडीही सोडली. ती पायरीवर लोळत होती आणि थांबताना एकदा उडत होती. वारा त्यामुळे जास्त खरा झाला.

मंगळवारी वर्ग भरायच्या आधीच ती तमाराकडे गेली. तमारानं उभ्याउभ्याच तुकडा लावला. बघता बघता ती खुर्चीत बसली. मुलीच्या हसण्यापाशी तिनं तोंडावर हात नेला.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"खांदे पाड."

"आणि तू काय केलंस?"

एलियानानं पडद्याकडे बोट केलं.

"लबाड कार्टी," तमारा म्हणाली. ती पडद्यावरच्या मुलीला म्हणाली की हिला, ते कळलं नाही. तिनं तिथंच पत्र लिहिलं, तुकडा जोडला, पाठवून दिला, आणि पुढच्या दोन आठवड्यांत सान्तियागोहून बोलावणं आलं: मार्चपासून. पण ते नंतरचं. त्या दिवशी पत्र पाठवून झाल्यावर तमारानं तुकडा पुन्हा एकदा सुरू केला आणि सहज विचारलं, "ती फसवतेय, हे बापाला ठाऊक असेल का गं?"

एलियानानं पडद्यावरच्या बुटांकडे बघितलं. त्यांना मागचं दिसत नव्हतं. फक्त ऐकू यायचं. रोज तिथंच मंद होणारी पावलं, आणि शाळेची घंटा झाली की चौखूर उधळणारी पोर. कळत नसेल? कळत असेल, तर पाठ सरळ करताना त्यांचं तोंड कसं होत असेल? तिला ते कधीच दिसलं नव्हतं. आरशाच्या पलीकडे ती कधी गेलीच नव्हती.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. ती आपल्या जागेवर जाऊन बसली. तिनं तोच तुकडा उघडला, नजरेची दिशा धरली आणि ती पायऱ्यांवरून, आरशाच्या कडेवरून फिरवत पुढच्या बाजूला नेली. तिकडे कधीच कुणी बघणार नव्हतं, म्हणून तिकडे तिनं काहीच केलेलं नव्हतं. बाहुलीचे हात दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले होते, एक तर आरशातून आरपार गेला होता. मान ताठ होती. करडा टकला चेहरा पापणी न हलवता समोरच्या हवेत बघत होता, आणि त्याच्या खाली ते जिवंत बूट ऐकत उभे होते. एलियानाला मोठ्यानं हसू आलं. इसमाएलनं वळून विचारलं, "आता काय?"

"ये, बघ," ती म्हणाली. "इकडून अजून सगळंच राहिलंय."

तिनं खुर्ची पुढे ओढली. आधी ते हात खाली आणले. मग डोळ्यांच्या कडीवर बोट ठेवलं, आणि मागून येणारी पावलं मंद झाली त्या क्षणी डोळे किंचित डावीकडे, मागच्या आवाजाकडे वळवले.